पहिल्या गाडीची ओटी

“मिस्त्रीनं सकाळी परत गाठलं मला,” मी खालून ओरडलो. “काय सांगू त्याला?”

अक्का वर ट्रकच्या हौद्यात उभी राहून फावड्यानं खडी सारखी करत होती. क्रशरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, पण तिला ऐकू आलं होतं. फावडं जरा जास्तच जोरात फिरायला लागलं, त्यावरून मला कळलं.

“आधी मागचा फाळका बघ,” ती म्हणाली. “कडी नीट बसली न्हाई.”

“कडी बसलीया. मी मिस्त्रीचं विचारतोय.”

“आन् मी कडीचं.”

शालन अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिच्याशी वाद घालून मी आयुष्यात एकदाही जिंकलेलो नाही, म्हणून मी कडी पुन्हा ठोकली आणि केबिनमध्ये जाऊन बसलो.

आमची गाडी सपाट हौद्याची. डंपरसारखा हौदा उचलायचा आणि माल भडाभडा ओतायचा, हा थाट तिच्या नशिबी नव्हता. कडेचे लाकडी फाळके खाली पाडायचे आणि सगळा माल फावड्यानं ओढून काढायचा. दोन हमाल ठेवले होते, ते डंपर आल्यावर तिकडं पळाले. उतरवायला माणूस मिळेना, भाडी बुडायला लागली, तेव्हा एक दिवस अक्का पदर खोचून हौद्यात चढली. आई दारात डोक्याला हात लावून बसली. गावानं महिनाभर तोंडसुख घेतलं आणि मग त्यांनाच कंटाळा आला.

अक्काचं सासर होतं आणि नव्हतंही. तिचा नवरा दिनकर मुंबईला गिरणीत होता. चार वर्षांत मूलबाळ झालं नाही, तेव्हा खोलीचं निमित्त निघालं. “थोडे दिवस माहेरी राहा, मोठी खोली मिळाली की बोलावतो,” असं सांगून त्यानं तिला आमच्या दारात आणून सोडली. चहा पिऊन गेला तो गेलाच. पुढं संप झाला, गिरणी बंद पडली, माणसं गावोगाव परत आली. दिनकर ना त्याच्या गावी आला ना आमच्याकडं. कुणी म्हणायचं भिवंडीला आहे, कुणी म्हणायचं सुरतेला. अक्का रोज सकाळी आरशात बघून ठळक कुंकू लावायची आणि कुणी विचारलं तर “मालक मुंबईला असतात” म्हणून सांगायची. सांगताना आवाज इतका सहज असायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच पत्र आलं असेल.

आणि इकडं वसंत मिस्त्री. आमच्याच गावचा गवंडी, बायको बाळंतपणात गेलेली, घरात म्हातारी आई. आमची गाडी त्याच्या कामावर खडी टाकायला जायची, तेव्हा हा परांचीवरून उतरून अक्काच्या हातातलं फावडं काढून घ्यायचा. बोलायचा काहीच नाही. मला मात्र वर्षभर विचारत होता. त्या दिवशी सकाळी त्यानं गाडीचं दार धरलं आणि म्हणाला, “भैरू, आईनं निपाणीचं एक स्थळ बघितलंय. ती मंडळी उद्या येत्यात. अक्का हो म्हणत असली तर मी आज रात्री आईला सांगून त्यांना थांबवतो. न्हाई म्हणत असली तर तसं सांग. पण आज सांग.”

मला वाटत होतं अक्कानं हो म्हणावं. फार वाटत होतं. पण तिच्या जागी उभं राहून हो म्हणण्याची सोय नव्हती.

गाडी घाट उतरायला लागली तेव्हा मी पुन्हा विषय काढला.

“उद्या निपाणीकर येणार हाईत.”

“येऊ देत की. चांगली मानसं असतात निपाणीची.”

“अक्का, किती दिवस वाट बघायची ग?”

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “त्यांचं बोलावणं आलं आन् मी दुसऱ्याच्या घरात असले तर? मग माझं तोंड कुठं लपवू? मला एकदा कळू दे, भैरू. हाय का न्हाई, येवढंच कळू दे. मग तू म्हणशील तसं.”

मी पुढच्या वळणासाठी गिअर बदलला.

त्या दिवशीचं भाडं खरं तर आमचं नव्हतं. क्रशरवाल्याचा स्वतःचा डंपर बिघडला म्हणून त्यानं लांबचं भाडं आम्हाला दिलं होतं. शेजारच्या तालुक्यात साखर कारखान्याच्या खालच्या अंगाला नवीन प्लॉट पडले होते, तिथं जायचं. “ठेकेदाराचं काम हाय, निळ्या पत्र्याची शेड विचारा,” एवढाच पत्ता. त्या बाजूला आम्ही पूर्वी कधी गेलो नव्हतो.

शेड सापडली. समोर दगडांनी पाया भरून जोत्यापर्यंत आलेलं घर होतं. शेडमधून एक तरणी बाई बाहेर आली, सहावा-सातवा महिना असावा. चेहरा हसरा. गाडी बघून तिनं टाळीच वाजवली.

“आली बाई एकदाची! इथंच टाका, या कडुनिंबाच्या अंगाला. आमचे मालक कारखान्यातनं येतीलच इतक्यात.” मग तिचं लक्ष केबिनमधून उतरणाऱ्या अक्काकडं गेलं. “अगोबाई! गाडीवर बाईमाणूस?”

“का? बाईमाणसाला खडी चावती व्हय?” अक्का म्हणाली.

ती बाई मनापासून हसली. तिचं नाव वैजयंता. दोन मिनिटांत तिनं आम्हाला सगळं सांगून टाकलं, माहेर बेळगावकडचं, लग्नाला दीड वर्ष झालं, डोहाळे आंबटाचे लागलेत आणि बाळ नव्या घरातच व्हावं अशी इच्छा आहे. मी मनात म्हटलं, ही ठेकेदाराला घाई करून वेड लावत असणार.

आम्ही मागचा फाळका पाडला. खडीत वरून फावडं घुसत नाही, खण्णकन वाजतं आणि हाताला झिणझिण्या येतात. मागच्या बाजूनं थोडी ढासळवून आधी तळाची फळी उघडी करायची आणि मग फळीवरून फावडं सरकवत न्यायचं, म्हणजे ते लोण्यात गेल्यासारखं जातं. हे काम अक्का करायची, मी कडेची ढकलायचो. अर्धी गाडी उतरली तेव्हा वैजयंता चहा घेऊन आली. तिच्याबरोबर शेजारची एक मावशी होती, तोंडात तंबाखू आणि हातात हळदीकुंकवाचं ताट.

“थांबा जरा,” वैजयंता म्हणाली. “आमच्याकडं घराला खडीची पहिली गाडी आली की गाडीची पूजा करतात. आणि गाडीबरोबर सवाष्ण आली असेल तर तिची ओटी भरायची. कधी येते का हो सवाष्ण खडीबरोबर? माझ्या नशिबानं आली. खाली या ताई, हातपाय धुवा.”

“नको बाई, अंगावर धूळ किती हाय बघ,” अक्का म्हणाली.

“धुळीनं काय होतंय?” मावशी म्हणाली. “सवाष्णीनं ओटीला न्हाई म्हणू नये. मालक काय करतात तुझं?”

“मुंबईला असतात.”

सवयीनं ती बोलून गेली. पिंपातलं पाणी घेऊन तिनं हातपाय धुतले, तोंडावरून ओला पदर फिरवला आणि मांडलेल्या पाटावर बसली. वैजयंतानं गाडीच्या बंपरला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी चहाचा कप घेऊन मडगार्डला टेकलो. मला मजाच वाटत होती. अक्काला असं कुणी पाटावर बसवून बरेच दिवस झाले होते.

“आता नाव घ्यायचं,” मावशी म्हणाली. “नाव घेतल्याबिगर ओटी भरायची न्हाई. आधी घरच्या लक्ष्मीनं घ्यायचं, मग पाहुणीनं.”

वैजयंता लाजली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली,

“नव्या घराच्या पायरीला बसवला काळा दगड,
दिनकररावांचं नाव घेते, लक्ष्मी, आता दार उघड.”

मी कप मडगार्डवर ठेवला. दिनकर नावाची माणसं काय कमी असतात? आमच्या गावातच तीन होते. मी अक्काकडं बघितलं. तिनंही तेच म्हणून स्वतःची समजूत घातली असावी, कारण ती हसून मान डोलावत होती. पण हसू ओठांवर होतं तिथंच थांबलं होतं.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

“आले बघा, शंभर वर्षं आयुष्य आहे,” वैजयंता म्हणाली.

बांधकामाची तार आणि खिळ्यांची पिशवी हँडलला अडकवून तो आत आला. अंगानं सुटला होता, मिशी ठेवली होती. पण मी त्याला हजारात ओळखलं असतं. आमच्या दारात बसून चहा प्यायलेला दिनकर. त्यानं आधी मला बघितलं, मग पाटावर बसलेल्या अक्काला. पाय खाली टेकवायचे राहून गेले आणि मोटरसायकल तशीच कलंडली. ती पडता पडता त्यानं सावरली.

“सावकाश की!” वैजयंता हसत म्हणाली. “घाबरायला काय झालं? आता थांबा तिथंच, बायकांचं चाललंय. ताई नाव घेणार आहेत.”

बाजूला फावडं होतं. खोटं कशाला सांगू, माझा हात त्याच्या दांड्यावर गेला होता. अक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मी हात काढून घेतला.

तो तिथंच उभा होता. डोळे सारखे अक्काकडून बायकोच्या पोटाकडं आणि परत अक्काकडं. इतकी वर्षं ज्याच्या एका शब्दासाठी अक्का थांबली होती, तो आता एका शब्दासाठी तिच्या तोंडाकडं बघत होता. तिनं त्याचं नाव घेतलं असतं, तर खोटं काहीच नव्हतं. हक्क तिचा होता. आणि ते घर जोत्यावरच बसलं असतं.

“घे ग बाई,” मावशी म्हणाली. “लाजतीस काय नव्या नवरीवाणी?”

अक्कानं पदर सावरला. वैजयंता समोर वाकून उभी, सुपात खण, नारळ, गहू. अक्का तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग ती सावकाश, एकेक शब्द नीट लावत म्हणाली,

“थापीनं लावला गिलावा, ओळंब्यानं धरली भिंत,
वसंतरावांचं नाव घेते, आता नाही कसली खंत.”

“वा!” मावशी म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “म्हंजे मालक गवंडी हाईत? मगाशी मुंबईला म्हणालीस न्हवं?”

“मुंबईचं संपलं, मावशी,” अक्का म्हणाली. “गावातच असतात.”

“गवंडी?” वैजयंताला भलताच आनंद झाला. “मग आमच्याच घराला बोलवायचं की हो त्यांना! आमचा मिस्त्री आठवड्यातनं तीन दिवस दांडी मारतो.”

“त्यांच्या हाताला सध्या लई काम हाय ग,” अक्का म्हणाली आणि ओटीसाठी पदर पसरला.

वैजयंतानं ओटी भरली, कुंकू लावलं आणि वयानं मोठी म्हणून अक्काच्या पाया पडायला वाकायला लागली. अक्कानं तिला अर्ध्यातच धरलं. “अवघडलेल्या बाईनं वाकायचं नसतंय,” म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मला वाटलं आता निघायचं. उरलेली खडी तशीच घेऊन परत जायचं, गेलं भाडं खड्ड्यात. मी फाळका उचलायला गेलो.

“काय करतोस?” अक्का म्हणाली. “अर्धी गाडी उरलीया.”

“उरू दे. मी न्हाई टाकत ह्याच्या दारात.”

“ह्याच्या न्हाई, तिच्या दारात टाकतोय. चढ वर.”

ती ओटी केबिनमध्ये ठेवून आली आणि हौद्यात चढली. उरलेली सगळी खडी आम्ही उतरवली. त्या दिवशी अक्काचं फावडं ज्या गतीनं चाललं, ती गती मी परत कधी बघितली नाही. खडी खाली पडत होती, धूळ उडत होती आणि दिनकर कडुनिंबाखाली उभा होता. बायका शेडमध्ये गेल्या तसा तो गाडीजवळ आला.

“शालन,” तो म्हणाला, “तुझे उपकार…”

“उपकार बिपकार काय न्हाईत.” अक्का हौद्यात झाडू मारत होती, ती थांबली नाही. “पुढच्या आठवड्यात भैरू वकिलाकडं घेऊन जाईल तुला. मुकाट्यानं ये आन् मोकळी कर मला.”

“येतो. आईशप्पत येतो. पण हिला कळायला नको. हिचे भाऊ…”

“तिला सांगायचं काम माझं न्हाई. तुझं हाय. तिला वाऱ्यावर सोडलंस तर मात्र मी परत येईन. तवा गाडीत खडी नसंल.”

तो मान खाली घालून बाजूला झाला. मी गाडी सुरू केली. वैजयंता शेडच्या दारातून हात हलवत होती. अक्कानंही हात हलवला.

कारखाना मागं पडला, उसाचे मळे लागले. माझा संतापच तोंडातून निघाला.

“ती ओटी आधी कालव्यात टाक.”

“ओटी कुणी टाकतं व्हय? चांगल्या मनानं भरलीया पोरीनं.”

“अक्का, त्यानं तुला…”

“गाडी थांबव.”

मी कालव्याच्या पुलाजवळ गाडी घेतली. अक्का उतरली, पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. मग ती रडली. हळूच, पदर तोंडाला लावून वगैरे नाही, मोठ्यानं रडली. तिच्या पाठवणीलाही ती अशी रडली नव्हती. मी उगाच टायर तपासत उभा राहिलो, चारही बाजूंनी दोनदा. माझे डोळे पुसायलाही तो आडोसा बरा होता. एवढी वर्षं ती आमच्यासमोर ताठ मानेनं वावरली होती, आणि आम्हाला वाटायचं, हिला सवय झाली. सवय कसली? ती रोज नव्यानं थांबत होती.

तोंड धुऊन ती परत आली. केबिनमध्ये बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, “भैरू, एक घोळ झाला रं.”

“काय?”

“नाव घेतलं खरं, पण त्यांना न विचारता घेतलं. निपाणीचं पक्कं झालं असंल तर?”

मला इतक्या संतापातही हसू फुटलं. “गेलं वर्षभर तो विचारतोय, आन् तुला आता त्याला विचारायचंय?”

“दात काढू नगंस. गाडी हाण जरा. त्यांची सुट्टी व्हायच्या आत गाठायला पायजे.”

“मी सांगतो की त्याला संध्याकाळी.”

“तू न्हाई. मी सांगते.”

मी गाडी हाणली. त्या गाडीच्या मानानं हाणली म्हणायचं. रिकामी असली तरी चढाला ती म्हशीसारखी थांबत थांबतच चालायची. गावाबाहेर सोसायटीच्या गोदामाचं काम चालू होतं, तिथं पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मजूर बायका घमेली धुवत होत्या. उंच भिंतीला परांची बांधलेली आणि तिच्यावर तिघं गवंडी भिंतीकडं तोंड करून शेवटचा गिलावा मारत होते.

अक्का उतरली. केसांत, भुवयांत खडीची पांढरी धूळ, कपाळावर रडून, पुसून फिकं झालेलं कुंकू. मी इंजिन बंद केलं. ती भिंतीखाली जाऊन उभी राहिली आणि वर बघायला लागली. आजवर ती त्याला चारचौघांसारखंच मिस्त्री म्हणायची. मला वाटलं, तसंच म्हणेल, नाहीतर मला म्हणेल तू हाक मार. घमेली धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या होत्या.

अक्कानं पदर डोक्यावरून घेतला.

“अहो,” तिनं हाक मारली.

मोठी नव्हती हाक. परांचीवर तिघं होते, तिघांनाही ऐकू गेली असणार. दोघं गिलावा मारत राहिले. वसंतानं तेवढी थापी खाली ठेवली आणि वळून बघितलं.